कोठा मोडला, बैल गेले, कोबा तसाच पडून आहे? फोडायच्या आधी हे वाचा



"सर, बैलं इकून तीन वर्षं झाले. कोठ्याचे टिनं काढले, कोबा तसाच पडून हाय. फोडू का ठेवू?"

मोताळा तालुक्यातल्या एका ताईंचा हा व्हॉइस मेसेज. लगेच मागून दुसरा मेसेज आला. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की त्या जागेवर शेळ्यांचं शेड टाका, शेळ्या आम्ही देतो, पिल्लं आम्हीच विकत घेतो, तुम्ही फक्त दीड लाख भरा. बचत गटातून कर्ज मिळत होतं आणि त्या भरायला निघाल्या होत्या. मी त्यांना फोन केला आणि आधी दोनच गोष्टी सांगितल्या. पैसे आत्ता भरू नका, आणि कोबा फोडू नका.

तशाच प्रश्नाचे मेसेज गेल्या वर्षभरात मला बरेच आले. कारण उघड आहे. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, दुधाची म्हैसही चारा परवडत नाही म्हणून गेली. मागच्या अंगणात राहिला तो सिमेंटचा कोबा. कुठे कोठ्याचा, कुठे जुन्या खळ्याचा, कुठे घर वाढवायचं म्हणून टाकलेला आणि मग पैसे संपले म्हणून तसाच राहिलेला. त्यावर पऱ्हाटीचा ढीग, फुटकी टाकी, मोडकी फवारणीची मशीन आणि एक कुत्रं.

(एक खुलासा करतो. यूट्यूबवर लोक याला 'स्लॅब' म्हणतात. आपल्याकडे स्लॅब म्हटलं की डोक्यावरचा. मी इथे जमिनीवरच्या कोब्याबद्दल बोलतोय. गच्चीचा विषय वेगळा, तिथे वजनाचा प्रश्न येतो.)

आधी एक हिशेब डोक्यात घ्या. आज 20 बाय 15 फुटांचा, म्हणजे 300 चौरस फुटांचा कोबा नव्याने टाकायचा तर खडी, रेती, सिमेंट, मजुरी मिळून किती लागतील ते गावच्या मिस्त्रीला विचारा. आकडा ऐकला की कळेल, तुमच्या मागच्या अंगणात भांडवल पडून आहे. कोणत्याही लहान धंद्यात जागा आणि फरशी यावर पहिला खर्च होतो. तो तुमच्या सासऱ्यांनी आधीच करून ठेवलाय.

कोबा काय म्हणतो ते आधी ऐका

धंद्याची आयडिया नंतर. कुठलाही कोबा सगळ्याच कामाला चालत नाही. एक दिवस त्याच्यासोबत घालवा.

सकाळी आठला खडू घेऊन जा. सावली कुठपर्यंत आहे तिथे रेघ मारा आणि वेळ लिहा. दर दीड-दोन तासांनी हेच, संध्याकाळी पाचपर्यंत. कोब्याच्या कोणत्या भागाला किती तास ऊन मिळतं त्याचा नकाशा तयार होतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेला घराची भिंत असेल तर डिसेंबरात अर्धा कोबा दिवसभर सावलीत जातो. उन्हाळ्यात मोकळा दिसणारा कोबा हिवाळ्यात अंधारा निघतो, म्हणून शक्य असेल तर ही खडूची रेघ दोन्ही ऋतूंत मारा.

मग पाच बादल्या पाणी ओता. पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं, घराच्या भिंतीकडे जातं का शेजाऱ्याच्या दारात? दहा फुटांना दीड-दोन इंच उतार असला की पुरे. कोठ्याच्या कोब्याला बहुतेक वेळा असा उतार असतोच, कारण तो मुळात गोमूत्र वाहून जावं म्हणून केलेला असतो. हा तुमचा फायदा. भेगा असतील तर छिन्नीने भेग जरा रुंद करा, ब्रशने धूळ काढा, पाणी मारा, एकास तीन सिमेंट-रेतीने भरा आणि सात दिवस ओलं ठेवा. सात दिवस म्हणजे सात दिवस. दोन दिवसांत वाळू दिलेली दुरुस्ती पहिल्या उन्हाळ्यात उकलते, ते मिस्त्रीही सांगेल.

तिसरं, कागद. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये ती जागा कोणाच्या नावावर आहे? सासऱ्यांच्या नावावर आणि दोन दीर वाटेकरी असतील तर धंदा चालायला लागल्यावर वाद निघतो. पडून असलेल्या कोब्यावर कोणी हक्क सांगत नाही, पैसे देणाऱ्या कोब्यावर सगळे सांगतात. आधीच दिरांना बसवून बोला आणि जमल्यास साध्या कागदावर लिहून घ्या. बँकेत कर्जासाठी गेलात तर जागेचा पुरावा मागतातच.

आणि चौथं, पाणी. आपल्या जिल्ह्यात हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. मार्चनंतर तुमच्या घरी पाणी कुठून येतं? टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाण्यावर चालणारा धंदा काढायचा नाही, कोणी कितीही सांगो. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या खारपाणपट्ट्यातल्या गावांत बोअरला पाणी असलं तरी ते खारं. त्यावर रोपं करपतात, अझोलाही नीट वाढत नाही.

यासोबत आपला जिल्हा एक नाही, दोन आहेत हेही धरा. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटाखाली मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो. बुलडाणा शहर साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, तिथे त्याच दिवशी हवा तीन-चार अंशांनी तरी नरम असते. पुण्या-नाशिकच्या व्हिडिओत दाखवलेली आयडिया म्हणूनच जशीच्या तशी उचलायची नाही. मी स्वतः एकदा उचलली. घाटाखालच्या एका ओळखीच्यांच्या उघड्या कोब्यावर एप्रिलमध्ये अझोलाचा वाफा करून दिला. चौथ्या दिवशी सगळा अझोला तपकिरी होऊन तळाला गेला. कोबा खालून तापत होता, ऊन वरून मारत होतं. 37 अंशांच्या वर अझोला तग धरत नाही हे मला पुस्तकात माहीत होतं, पण कोब्याच्या पाण्यात हात घालून पाहिलं नव्हतं.

मग आपल्याकडे कोब्याची खरी ताकद कोणती? ऊन.

वाळवण: आपल्या कोब्याचा पहिला धंदा

बघा, आपण उन्हाळ्याला शिव्या देतो, पण मार्च ते मे हे तीन महिने आपल्याकडे जी कोरडी हवा आणि कडक ऊन असतं ते वाळवणाला सोन्यासारखं आहे. कोकणातल्या बाईला अशी हवा मिळत नाही. आपल्या घरात पापड, कुरडया, शेवया, सांडगे, खारोड्या, मलकापूरकडे बिबड्या, हे सगळं पिढ्यानपिढ्या होतंच. फक्त ते बाजेवर आणि जुन्या साडीवर, घरापुरतं. कोबा असेल तर ते विकण्याइतकं करता येतं.

पण थेट कोब्यावर काही टाकायचं नाही. तिथे माती उडते, कोंबडी फिरते, मुंग्या येतात आणि एकेकाळी तिथे गुरं बांधलेली होती. कोब्यापासून दीड-दोन फूट उंचीवर विटांवर किंवा लोखंडी अँगलवर ट्रे ठेवा. ट्रे म्हणजे लाकडी चौकट आणि तिला अन्नाला चालणारी जाळी, स्टीलची घेतली तर उत्तम. खालून हवा खेळली की माल दोन्ही बाजूंनी वाळतो आणि कोब्याची धग खालून मदत करते. वरून मलमलचं कापड.

याच्या पुढची पायरी म्हणजे कोब्यावर प्लास्टिकच्या कागदाचं बंद घर, सोलर ड्रायर. कोबा इथे नुसती जागा राहत नाही, यंत्राचा भाग होतो. थायलंडमध्ये सिल्पाकोर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी केळी, मिरची, फळं वाळवायला अर्धगोल छताचे मोठे ड्रायर बनवले. त्यांची रचना काय? खाली काँक्रीटची फरशी, वर पॉलीकार्बोनेटचं पारदर्शक छत, हवा बाहेर काढायला सोलरवर चालणारे पंखे. फरशी दिवसा उष्णता पिते आणि ऊन कलल्यावरही काही काळ आत ऊब टिकवते. जे त्यांनी मुद्दाम टाकलं ते तुमच्याकडे आधीच आहे.

पॉलीकार्बोनेट महाग वाटलं तर जीआय पाइपच्या कमानी आणि 200 मायक्रॉनचा यूव्ही कागद, शेडनेट-पॉलीहाउसला वापरतात तोच. तो साधारण तीन वर्षं टिकतो, नंतर बदलावा लागतो, हा खर्च हिशेबात धरा. दोन गोष्टी मात्र विसरू नका. एक, खाली हवा आत यायला आणि वर दमट हवा बाहेर जायला वाट हवी. वाट नसेल तर आत माल वाळत नाही, वाफलतो. दोन, आत थर्मामीटर टांगा. 50 ते 60 अंश चांगलं. 65 च्या वर गेलं की कांदा लालसर होतो आणि गिऱ्हाईक 'जळका' म्हणून परत करतं. शेवग्याचा पाला, कढीपत्ता, मेथी यांना थेट ऊन दाखवू नका, हिरवा रंग उडतो. त्यांच्यावर काळं शेडनेट टाका, वेळ जास्त लागेल पण रंग राहील.

हे काही माझ्या मनातलं नाही. आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरची एस4एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी खेड्यातल्या बायकांना सोलर ड्रायर देते, त्या कांदा, टोमॅटो असा माल घरापाशी वाळवतात आणि कंपनी तो घेते. 2023 साली या कंपनीला जगभरात नावाजलेला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. म्हणजे घरामागच्या ऊन्हावर धंदा उभा राहतो याचा पुरावा अडीच-तीन तासांच्या अंतरावर आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचं काम चालतं, बुलडाण्याला आणि जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. ड्रायर बनवायला वेल्डरकडे जाण्याआधी तिथे एक चक्कर मारा. फुकटचा सल्ला आहे आणि तुमच्या हवामानाचा आहे.

आता पैशाचं बोलू

इथे बहुतेक व्हिडिओ 'महिना पन्नास हजार कमवा' म्हणून संपतात. आपण कांद्याचा खरा हिशेब करू. आकडे मी समजा म्हणून घेतोय, तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला.

300 चौरस फुटांपैकी चालायला, ठेवायला जागा सोडली की 180 चौरस फूट ट्रे बसतात, 3 बाय 2 चे 30. चौरस फुटाला साधारण साडेचारशे ग्रॅम चिरलेला कांदा पातळ पसरतो, म्हणजे एका खेपेला 80 किलो. सोलून-चिरून 80 किलो हवा तर 90 किलो आणावा लागतो. कांद्यात बहुतांश पाणीच असतं. त्यामुळे वाळल्यावर हातात येतो 10 किलो, फार तर 11. लोक इथेच गडबडतात, 80 किलोचे 40 होतील असं धरून बसतात.

कांदा 15 रुपये किलो असेल तर 90 किलोचे 1350. दोन बायांची चिरायची मजुरी 600. पिशव्या, लेबल, इकडचं तिकडचं 150. झाले 2100, म्हणजे किलोला 210 रुपये पडले. हॉटेलवाल्याने 300 ने घेतला तर दोन दिवसांच्या एका खेपेत 900 रुपये सुटतात. वाईट नाही.

आता कांदा 30 रुपये झाला. 2700 अधिक 750, म्हणजे 3450. किलोला 345 पडले आणि हॉटेलवाला अजून 300 च देतोय. प्रत्येक किलोला 45 रुपये खिशातून. त्याच कोब्यावर, त्याच मेहनतीवर.

म्हणून हा धंदा बारा महिन्यांचा नाही. कांदा पडेल भावाने जातो तेव्हा वाळवायचा, भाव चढला की दुसरा माल घ्यायचा. ज्या आठवड्यात तुमच्या गावचा शेतकरी कांदा बांधावर टाकून देतो तो तुमचा हंगाम. पांढरा कांदा वाळवणाला जास्त चांगला, आपल्या विद्यापीठाचा 'अकोला सफेद' हा वाणच आहे, कोणी लावला असेल तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. आणि ज्या महिन्यात भाजी परवडत नाही त्या महिन्यात पापड-खारोड्या, कारण उडीद आणि बाजरीचा भाव कांद्यासारखा आठवड्यात दुप्पट होत नाही.

पापडाच्या बाबतीत माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. साधा उडदाचा पापड कारखान्याशी भिडतो आणि हरतो. खारोडी, बिबडी, ज्वारीचा पापड कारखाना करत नाही. तुमच्या पहिल्या वीस गिऱ्हाइकांची यादी आत्ताच काढा: पुण्याला नोकरीला गेलेली गावची पोरं, त्यांच्या बायका, त्यांचे शेजारी. घरची खारोडी त्यांना तिकडे सहजी मिळत नाही. दुसरी जागा शेगाव. गजानन महाराजांच्या दर्शनाला वर्षभर बाहेरगावची माणसं येतात आणि घरी काहीतरी न्यायचं म्हणून पाहत असतात. कचोरी दुसऱ्या दिवशी शिळी होते, खारोडी वर्षभर राहते. तिथल्या एखाद्या दुकानदाराशी दहा पाकिटं ठेवायला बोलून बघा, पैसे विकल्यावर द्या म्हणा. दहाची दहा परत आली तर तेही एक उत्तर आहे आणि ते स्वस्तात मिळालं.

विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान उलाढाल असणाऱ्यांना साधी नोंदणी असते, ती ऑनलाइन होते. मर्यादा आणि फीचे नियम बदलत असतात, अर्ज भरताना संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्याचे कोणी हजार-दोन हजार मागितले तर उठून या. पाकिटावर नाव, पत्ता, वजन, किंमत, बनवल्याची तारीख हवी.

अनुदानाबद्दल सगळे विचारतात. अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई ही केंद्राची योजना 2020 साली सुरू झाली. त्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत बँक-कर्जाशी जोडलेलं अनुदान आणि बचत गटाच्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीज-भांडवल अशी तरतूद होती. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात नाहीतर गटाच्या उमेदच्या ताईंना विचारा. फक्त एक करा: कर्ज मंजूर होण्याआधी शेड उभारून बसू नका. आधी बांधलं आणि मग अनुदान मागायला गेले, असे हिरमुसले चेहरे मी खूप पाहिलेत. आणि पहिल्या वर्षी अनुदान नसलं तरी 30 ट्रे आणि मलमल एवढ्यावर सुरुवात होतेच.

ऑक्टोबरचा कोबा

हा मुद्दा कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबतो. आपला जिल्हा सोयाबीनचा. काढणीच्या वेळी परतीचा पाऊस येतो, माल ओला राहतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के असते. माल 16 टक्क्यांचा असेल तर केंद्रावरून परत, नाहीतर व्यापारी म्हणेल तो भाव. मग लोक डांबरी रस्त्यावर सोयाबीन पसरतात, त्यावर मोटारसायकली घसरतात, दरवर्षी अपघात होतात.

हिशेब साधा आहे. 16 टक्क्यांचा एक क्विंटल 12 टक्क्यांवर आणला की साडेपंच्याण्णव किलो उरतो. साडेचार किलो वजन गेलं. पण क्विंटलमागे भावात जो फरक पडतो तो साडेचार किलोच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर वाळवणं फायद्याचं. त्या दिवशीचे दोन्ही भाव विचारा आणि मग ठरवा, कारण प्रत्येक वर्षी उत्तर एकच येत नाही. 300 चौरस फूट कोब्यावर चार-पाच सेंटिमीटरचा थर दिला तर 8 ते 10 क्विंटल एका वेळी पसरतो. दिवसातून तीन-चार वेळा पायाने किंवा दाताळ्याने उलटायचा, संध्याकाळी ताडपत्री. आधी स्वतःचा वाळवा. मग शेजाऱ्याला पोत्यामागे भाडं लावून द्या. ओलावा मोजायचं यंत्र गावात कोणाकडे असेल तर कोबा आणि यंत्र मिळून तो एक छोटा धंदाच होतो. दाताखाली दाणा फोडून अंदाज घेणारे जुने लोक आहेत, पण केंद्रावर दाताचा अंदाज चालत नाही.

बाकीच्या आयडिया, थोडक्यात

भाजीपाल्याची रोपं. कोबा रोपवाटिकेला चांगला, कारण ट्रे मातीला टेकत नाहीत, तण नाही, मातीतले रोग कमी. 200 चौरस फुटात 98 कप्प्यांचे 120 ट्रे बसतात, म्हणजे साडेअकरा हजारांवर रोपं. टोमॅटो 25-30 दिवसांत, मिरची 35-40 दिवसांत लावायला येते. वर 50 टक्क्यांचं शेडनेट हवंच आणि कोब्याला चुन्याचा पांढरा हात मारा, धग कमी होते. (ड्रायरसाठी उलटं, तिथे काळा रंग.) देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमधलं बीजोत्पादन मोठं आहे, त्या पट्ट्यात रोपं सांभाळायची समज असलेले हात गावातच मिळतात. पण गोडं पाणी आणि रोज दोन वेळा घरी असणारं माणूस, यातलं एक जरी नसेल तर सोडा.

गांडूळखत. 12 बाय 4 बाय 2 फुटांच्या तयार पिशव्या मिळतात, कोब्याचा उतार गांडूळपाणी गोळा करायला कामी येतो. सावली हवी. अडचण एकच: बैल विकले, म्हैस विकली, मग शेण कुठून? विकत घेऊन परवडतं का ते आधी पाहा.

अझोला. घरी एक-दोन दुभती जनावरं किंवा कोंबड्या असतील तरच. दोन मीटर बाय एक मीटरचा वाफा, रोज अर्धा किलोच्या आसपास. हा धंदा नाही, पेंडीचा खर्च थोडा वाचवणं आहे. सावलीचं तर वर सांगितलंच.

धिंगरी अळंबी. घाटावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमेल, घाटाखाली उन्हाळ्यात विचारही करू नका. आणि आधी विचारा, तुमच्या गावापासून 20 किलोमीटरच्या आत ती विकत घेणारे दहा लोक तुम्हाला नावानिशी माहीत आहेत का?

कांडप आणि चक्की. कोबा जाड असेल तर पाया तयार आहे, पण वर पक्कं छत, वीज जोडणी आणि शेजाऱ्याला चालेल इतकाच आवाज. गावात आधीच दोन चक्क्या असतील तर तिसरी काढू नका.

पावसाचं पाणी. हे धंद्यात येत नाही, तरी करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 300 चौरस फूट म्हणजे 28 चौरस मीटर. आपल्याकडे साधारण 700 ते 800 मिलिमीटर पाऊस धरला आणि काही वाया गेला म्हटलं तरी 16 हजार लिटर होतं. उताराच्या टोकाला गाळणी आणि टाकी किंवा शोषखड्डा. पिण्याला नाही, पण ट्रे धुवायला, झाडांना आणि बोअरच्या पुनर्भरणाला. खारपाणपट्ट्यात तर हे गोडं पाणी सोडून देणं पापच आहे.

'आम्हीच विकत घेतो' म्हणणाऱ्यांबद्दल

आता त्या शेळीवाल्याकडे येतो. 2019 साली कडकनाथ कोंबड्यांच्या नावावर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची फसवणूक झाली ते आठवत असेल. पिल्लं आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्ही घेतो, पैसे आधी भरा. एस4एससारखी कंपनीसुद्धा माल परत घेते, मग फरक काय? फरक ओळखायला मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. तुम्ही माझ्याकडून घेतलेला माल पुढे कोणाला विकता, त्याचं नाव सांगा. मी न भरता फक्त माल दिला तर घ्याल का? आणि ज्यांना पैसे मिळून वर्ष झालं अशा तीन माणसांच्या घरी मला नेऊन दाखवा, फोनवर नको. त्यांची कमाई मालाच्या विक्रीतून येते का तुमच्यासारख्यांनी भरलेल्या दीड लाखांतून, ते या तीन उत्तरांत कळतं.

शेळीपालन वाईट नाही. पण नुसत्या कोब्यावर शेळ्या ठेवल्या की ओल राहते, खुरांचे आजार होतात, वर माचाण किंवा कोरडं अंथरूण लागतं. एका मोठ्या शेळीला 10 ते 12 चौरस फूट धरले तर तुमच्या कोब्यावर किती बसतात तेही मोजा. त्या माणसाने ताईंना 40 सांगितल्या होत्या. 40 ला 400 ते 480 चौरस फूट लागतात, यांच्याकडे आहेत 300, आणि त्यातही गव्हाण, वाट, पिल्लांचा कप्पा काढला तर वीसही जेमतेम.

ताईंनी त्याला तिसरा प्रश्न विचारला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात नेतो. पुढचा आठवडा अजून आलेला नाही.

त्यांनी सध्या काय केलंय ते सांगतो. पऱ्हाटीचा ढीग उचलला. भेगा भरून सात दिवस पाणी मारलं. दिरांशी बोलणं झालं, त्यांना ऑक्टोबरात सोयाबीन फुकट वाळवू द्यायचं ठरलं. गटातल्या दोघींना घेऊन गावच्या सुताराकडून दहा ट्रे करून घेतले, तीस नाही, दहाच. पहिली खेप खारोड्यांची, नऊ किलो. त्यातली सहा किलो पुण्याला गेली, दोन किलो घरात संपली आणि एक किलो मीठ जास्त झालं म्हणून तशीच डब्यात पडून आहे.

कोब्याचा उतार कसा मोजायचा आणि ट्रेची चौकट कशी ठोकायची, हे मी पुढच्या व्हिडिओत त्याच कोब्यावर उभा राहून दाखवणार आहे. तोवर तुम्ही खडू घ्या आणि तुमच्या कोब्याचं माप, गाव घाटावर का घाटाखाली, आणि मार्चनंतर पाणी कुठून येतं, एवढं लिहून पाठवा. या तीन गोष्टी नसतील तर 'सर कोणता बिझनेस करू' याचं उत्तर माझ्याकडे नाही.